दोनशे निळे पंचे

गेली चाळीस वर्षं माझ्याबद्दल एकच तक्रार येते. ही बाई प्रेक्षकांना वाकून नमस्कार करत नाही. गाणं आवडलं, किमोनोचा रंग आवडला, या वयात आवाज टिकवलाय त्याचंही कौतुक, पण बाई उद्धट. आमच्याकडे सकाळी दुकान उघडताना माणसं रिकाम्या रस्त्यालाही वाकतात, तिथे पैसे देऊन आलेल्या हजार लोकांसमोर मी ताठ उभी राहते. टीव्हीवाल्या बाई हात जोडतात, "तोमेसान, एकदाच, नुसती मान तुकवलीत तरी चालेल." मी म्हणते, मान दुखते.

दुसरा प्रश्न गुरूचा असतो. मी सांगते, मला गुरू नाही. मग त्यांची पंचाईत होते, कारण त्यांच्या कागदावर कुझुमी र्‍योसाकु हे नाव लिहिलेलं असतं, आणि पुढे कंसात "तीन वर्षं घरी राहून शिक्षण". घरी राहून हे खरं आहे. उरलेल्याबद्दल सांगते.

माझं नाव तोमे. म्हणजे 'आता पुरे'. चार मुलींवर पाचवीही मुलगीच झाली की आमच्या बंदरावर हे नाव ठेवायचे, म्हणजे वर निरोप पोचावा. निरोप जरा जास्तच पोचला. दोन वर्षांनी वडील बोटीसकट बुडाले आणि पाळणा कायमचा बंद झाला. आई धक्क्यावर माकूल चिरायची. चिरायची, मिठात घालायची, दोरीवर वाळत टाकायची, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. मी तिच्या शेजारी बसून गायचे, कारण गायले की बायका मला वाळलेल्या माकुलीचा तुकडा द्यायच्या. माझी कारकीर्द तिथे सुरू झाली, आणि मानधन कधीच चुकलं नाही.

सोळाव्या वर्षी जवळच्या हाचिनोहे शहरात गाण्याची स्पर्धा झाली. परीक्षक म्हणून टोकियोहून संगीतकार कुझुमी गुरुजी आले होते. त्या काळी रेडिओ लावला की तीन गाण्यांतलं एक त्यांचं असायचं. माझं गाणं झाल्यावर ते आईला म्हणाले, "आवाज आहे. घरी पाठवा." एवढंच. आई इतकी वाकली की तिच्या डोक्याचा पंचा त्यांच्या बुटावर पडला.

टोकियोत, नाकानोतल्या त्यांच्या घरी मी तीन वर्षं गायले नाही. भात लावला, जिने पुसले, बूट चमकवले, न्हाणीघरातलं पाणी तापवलं आणि शोगुन नावाच्या कुत्र्याला दोनदा फिरवून आणलं. शोगुन मात्र हवा तेव्हा गळा काढायचा. बोलायचीही चोरी होती, कारण मी तोंड उघडलं की बंदरावरची बोली बाहेर पडायची आणि आलेगेले हसायचे. घरात आणखी एक शिष्या होती, सेत्सुताई. एकतीस वर्षांची, त्या घरातलं अकरावं वर्ष. पहिल्याच दिवशी तिनं मला मुळा किसायला बसवलं आणि घरचा कायदा सांगितला.

"इथं विचारायचं नाही. कधी शिकवणार, कधी गायला मिळणार, काही विचारायचं नाही. द्यायचं ते गुरुजी देतात."

"आणि नाही दिलं तर?"

"हे बघ, विचारलंस," ती म्हणाली. "जाड किसतेयस. बारीक कर."

गुरुजींच्या बायकोला आम्ही माई म्हणायचो. माई कमी बोलायच्या, पण हिवाळ्यात माझ्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवायच्या. आईपासून लांब असलेल्या पोरीला एवढं पुरतं. त्या घरात माझा जीव कुणात असेल तर तो माईंमध्ये होता.

दुपारच्या चहानंतर गुरुजींचे खांदे चेपायचं काम माझ्याकडे होतं. तेवढा वेळ ते माझ्याशी बोलायचे. एकदा विचारलं, "आई काय करते तुझी?" मी सांगत गेले. थंडीत बोटांना भेगा पडतात, भेगांत मीठ जातं. घरी आली की आई कोमट पाण्यात एकेक बोट बुडवते आणि बोटामागे गाण्याची एक ओळ म्हणते. झोंबणं कमी लागतं म्हणून. त्यामुळे आमच्या घरची सगळी गाणी पाच ओळींची, आणि करंगळीची ओळ सगळ्यात लांब, कारण ती आईची सगळ्यात वाईट फाटलेली असायची.

गुरुजींचे खांदे माझ्या हाताखाली एकदम कडक झाले. म्हणाले, "पेन्सिल आण."

महिनाभरात गाणं तयार झालं. 'मिठाची बोटं'. पाच ओळींची कडवी, पाचवी ओळ लांब. मी जिना पुसता पुसता पियानोवर ते ऐकलं आणि फडकं हातातच राहिलं. ते गाणं माझं होतं. मला तेव्हा यात शंका नव्हती आणि आजही नाही.

नवीन वर्षाच्या सकाळी गुरुजींनी आम्हाला बैठकीच्या खोलीत बोलावलं. भिंतीवर त्यांनी स्वतः कुंचल्यानं लिहिलेला कागद टांगला होता. 'इसोमी चिदोरी'. किनाऱ्यावर चिखलात चालणारा एक छोटा पक्षी असतो, त्याचं नाव. गुरुजी म्हणाले, "हे नाव वसंतात बाहेर पडेल. 'मिठाची बोटं' घेऊन." मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

आमच्याकडे गुरू नाव देतो तेव्हा विचारायचं नसतं, आभार मानायला तोंडही उघडायचं नसतं. वाकायचं. मी चटईला कपाळ टेकवलं आणि पाच-सहा श्वास तशीच राहिले. वर बघितलं तेव्हा गुरुजी साके पीत होते. कुणी काही बोललं नाही. सेत्सुताई स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होती. जेवताना माईंनी माझ्या वाडग्यात मोचीचा, म्हणजे तांदळाच्या चिकट वडीचा, एक तुकडा जास्त घातला. मला वाटलं, हे अभिनंदन आहे.

त्याच दुपारी आईला पत्र टाकलं. चार ओळी. नाव मिळालं, गाणं मिळालं, वसंतात रेकॉर्ड येणार.

आता, नवं नाव मिळालं की त्या नावाचे पंचे रंगवून ओळखीच्यांना वाटतात, ही रीत आहे. खरं तर हे गाणाऱ्यानं स्वतः करायचं, नाव जाहीर झाल्यावर. आईला एवढी कळ कुठली. फेब्रुवारीत पार्सल आलं. वाळलेली माकूल आणि वर एक पंचा. गडद निळा, मधोमध पांढऱ्या अक्षरांत इसोमी चिदोरी, कोपऱ्यात पक्षी. पक्षी जरा कोंबडीसारखा दिसत होता. सोबत चिठ्ठी होती. 'दोनशे केले. सगळ्या बंदराला वाटले. गावच्या न्हाणीघरात, देवळात, धक्क्यावर सगळ्यांच्या डोक्यावर तूच हायेस.'

मी पंचा माईंना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि मला वाटलं त्याहून बराच जास्त वेळ बघत राहिल्या.

"रंग चांगला उतरलाय," त्या म्हणाल्या. मग घडी घालून माझ्या हातात दिला. "सध्या ट्रंकेत ठेव."

त्याच आठवड्यात गुरुजींनी मला टेपरेकॉर्डरसमोर उभं केलं. तीन वर्षांनी पहिल्यांदा. "गा," ते म्हणाले. मी गायले. त्यांनी थांबवलं. पुन्हा गायले. नऊ दिवस हे चाललं. कुठल्या शब्दावर हरकत घ्यायची, कुठे आवाज किंचित फाटू द्यायचा, करंगळीच्या ओळीआधी दम कुठे घ्यायचा. एके दिवशी म्हणाले, "'आई' हा शब्द तुझ्या बंदरावर म्हणतात तसा म्हण." ज्या बोलीसाठी तीन वर्षं तोंड शिवून घेतलं होतं, तीच आता मागत होते. मला रडू आलं आणि ते रडूही टेपमध्ये गेलं. गुरुजी म्हणाले, "हे राहू दे. हे उत्तम आहे."

मार्चच्या अखेरीला दारात मोटार थांबली. रेकॉर्ड कंपनीतले एक मोठे साहेब उतरले आणि मागून त्यांची भाची, हातात केकचा खोका घेऊन. माझ्याच वयाची, गोरी, नितळ, सुंदर दात. मिहोको तिचं नाव. मला चहा आणायला सांगितलं. मी ट्रे घेऊन आत गेले तेव्हा गुरुजी म्हणत होते, "तर आजपासून तू इसोमी चिदोरी." आणि मिहोको चटईला कपाळ टेकवत होती.

चहा सांडला नाही. लोकांना हा भाग ऐकायचा असतो, ट्रे हातातून पडला का म्हणून. नाही पडला. पाच कप होते, पाचही ठेवले, साहेबांच्या कपावरचं फूल त्यांच्याकडे वळवून. मग गुरुजींनी टेप लावली. खोलीत माझा आवाज आला, माझं रडू आलं.

"कोण आहे ही?" मिहोकोनं विचारलं. तिच्या अंगावर खरंच काटा आला होता.

"घरातली पोरगी आहे," गुरुजी म्हणाले. "हे जसंच्या तसं उचलायचं. श्वाससुद्धा."

मी स्वयंपाकघरात गेले. सेत्सुताई भांडी पुसत होती.

"तुला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून."

"आणि माईंना?"

"त्यांनीच साहेबांना जेवायला बोलावलं होतं. त्याच दिवशी ठरलं."

"मग मी वाकले तेव्हा एकीला तरी तोंड उघडता आलं नाही?"

तिनं वाडगा फळीवर ठेवला. "माझंही एक नाव होतं, तोमे. असंच भिंतीवर. आठ वर्षांपूर्वी मीही वाकले होते. मला कुणी सांगितलं होतं?"

"म्हणून तू मला सांगायचं नाहीस?"

"म्हणूनच सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि पुढचा वाडगा उचलला. तिच्यावर मला राग धरता आला नाही, याचा आजही राग येतो.

दुसऱ्या दिवशी खांदे चेपताना मी घरचा कायदा मोडला. विचारलं. "गुरुजी, ते नाव माझं होतं ना?"

ते दचकले नाहीत. "मी कधी म्हटलं तुझं म्हणून?"

मी आठवून पाहिलं. खरंच, म्हटलं नव्हतं.

"मी वाकले होते," मी म्हणाले. "तुम्ही बघितलंत."

"वाकणाऱ्याला मी कशाला अडवू?" ते म्हणाले. "जरा डावीकडे दाब. पुढचं गाणं बघू."

माईंनी त्या रात्रीही अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. मी ती काढून जिन्यावर ठेवली.

मग मी काय केलं? तुम्ही म्हणाल, ट्रंक उचलून गाडीत बसले असेन. नाही. मी मिहोकोला शिकवलं. रोज सकाळी दोन तास. ती वाईट नव्हती, हीच तर अडचण. "ताई, इथं दम कुठून आणतेस गं?" म्हणून मनापासून विचारायची, केकमधला मोठा तुकडा मला द्यायची. आणि मी सांगत होते, कारण 'पुढचं गाणं बघू' हे तीन शब्द मी गळ्यात बांधून घेतले होते. आईला मात्र पत्र लिहिलं नाही. आज लिहीन, उद्या लिहीन. शब्दच सापडत नव्हते असं मी स्वतःला सांगायचे. शब्द होते. लाज वाटत होती.

मे महिन्यात रेकॉर्ड आली आणि प्रचाराचा दौरा निघाला. नव्या गायिकेनं गावोगावी रेकॉर्डच्या दुकानासमोर संत्र्याच्या उलट्या खोक्यावर उभं राहून गायचं, छातीवर नावाचा पट्टा लावून. व्हॅनमध्ये गुरुजी, मिहोको, अकॉर्डियनवाला आणि सामान उचलायला मी. "उत्तरेकडचे रस्ते हिला माहीत आहेत," गुरुजी म्हणाले. शेवटचा मुक्काम हाचिनोहे ठरला होता. दौरा निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यात आणखी एक ठिकाण वाढवलं गेलं, कारण गाणं बंदराचं आणि वर्तमानपत्रवाल्यांना फोटोत बोटी हव्या होत्या. ते आमचं बंदर होतं.

पोस्टर आठवडाभर आधी पोचलं होतं. त्याच्यावर नाव बरोबर आणि चेहरा मिहोकोचा. बायकांनी आईला विचारलं, "काय गं, ही तुझी तोमे? नाक कवा एवढं सरळ झालं?" आई म्हणाली, "टोकियोत फोटो काढताना सगळ्यांचं असंच करतात. पावडर असती. लय पावडर." हे मला नंतर कळलं.

दुपारी दोनला व्हॅन दुकानासमोर थांबली. मी खिडकीतून बघितलं. सगळा धक्का आला होता. माकूल चिरणाऱ्या बायका, जाळी विणणारे म्हातारे, देवळातले पुजारी, माझ्या चारही बहिणी. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर निळा पंचा. इसोमी चिदोरी, इसोमी चिदोरी, जिथवर नजर जाईल तिथवर माझं नाव.

सामान आधी उतरवायचं असतं, म्हणून आधी मीच उतरले.

"आली गं आली," कुणीतरी ओरडलं. "तोमे! आमची तोमे!" टाळ्या पडल्या. वाकायाबाईनं, जी मला लहानपणी माकुलीचे तुकडे द्यायची, दोन्ही हात वर केले. माझ्या हातात संत्र्याचं खोकं होतं. मी ते दुकानासमोर उलटं ठेवलं. कमरेचं फडकं काढून त्याच्यावरची धूळ पुसली, कारण पांढरे बूट खराब होतात. मग बाजूला सरकून उभी राहिले, आणि मिहोको त्याच्यावर चढली.

टाळ्या बंद झाल्या. समुद्राचा आवाज येत होता.

गुरुजींनी पंचे बघितले. त्यांना क्षणभर काही कळेना, मग कळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ते मायक्रोफोन घेऊन म्हणाले, "आमच्या चिदोरीचं नाव तुम्ही इतक्या प्रेमानं आधीच डोक्यावर घेतलंत. हे कुणी केलं?"

सगळे आईकडे बघायला लागले. ती पुढे आली. नेहमीचाच एप्रन, हात आत लपवलेले. तिनं मिहोकोकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या फडक्याकडे. ती ओरडेल असं मला वाटलं. माझी आई धक्क्यावर मुकादमाची सालटं काढायची. तिनं एक शिवी हासडली असती तरी माझी तीन वर्षं वसूल झाली असती. मी वाट बघत होते. मनात म्हणत होते, बोल, आई, तू तरी बोल.

आई वाकली. कमरेतून, पार खाली.

"आमच्या चिदोरीला सांभाळून घ्या," ती म्हणाली. गुरुजींना नाही. समोरच्या सगळ्या गावाला.

मिहोको गायला लागली. गाणं चांगलं झालं. श्वाससुद्धा जागच्या जागी होते. 'आई' हा शब्द आला, माझ्या बोलीतला, माझ्या फाटलेल्या आवाजातला, तेव्हा वाकायाबाईनं डोक्याचा पंचा सोडला, चार घड्या घातल्या आणि एप्रनच्या खिशात ठेवला. मग तिच्या शेजारणीनं सोडला. मग म्हाताऱ्यांनी. कुणी कुणाला खूण केली नाही. गाणं संपेपर्यंत त्या गर्दीत एकच निळा पंचा उरला होता, माझ्या आईच्या डोक्यावर. टाळ्या वाजवणारीही तीच एकटी होती.

दुकानाच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाजवळ, मी तिला गाठलं.

"तू का वाकलीस?"

"मग काय करायचं होतं? मारामारी? तुला उद्या कुणी दारात उभं केलं असतं?"

"तुला पोस्टर बघूनच कळलं होतं ना?"

"तुझा चेहरा मी वळखणार नाय व्हय," आई म्हणाली. "पण नाव तर बरोबर होतं. म्हटलं, नाव हाय तर तूही मागनं येशील."

"पुढचं गाणं बघू म्हणतात. पण मी परत जात नाही, आई."

ती घाबरली. समुद्राला न घाबरणारी बाई, पण तेव्हा घाबरलेली मी बघितली. तिनं माझा दंड धरला, ती फाटकी बोटं रुतेपर्यंत धरला, आणि मला व्हॅनपर्यंत ओढत नेलं. "जा. गाडी थांबलीय. पुढचं गाणं तुझं हाय म्हणाले ना? जा, बस." तिनं मला आत ढकललं आणि दार बाहेरून लावलं. काचेतून दिसत होतं, ती पुन्हा वाकली होती. व्हॅन वळेपर्यंत तशीच.

गुरुजींनी मला फसवलं, माईंनी फसवलं, ते मी केव्हाच गिळलं. पण त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहायला जगात एकच माणूस होतं, आणि त्यानं मला धरून परत त्यांच्या स्वाधीन केलं. ते गिळायला मला तेरा वर्षं लागली.

पुढच्या स्टेशनपाशी अकॉर्डियनवाल्याला सिगारेट हवी होती. व्हॅन थांबली. मी मागचं दार उघडलं, संत्र्याचं खोकं उचललं आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी मिहोको कशावर उभी राहिली मला माहीत नाही.

मी मात्र त्याच्यावर उभी राहिले. दहा वर्षं. बाजारात, सार्वजनिक न्हाणीघरांच्या दारात, कारखान्यांच्या सहलीत, दारूच्या गुत्त्यांत. प्रत्येकजण म्हणायचा, तोमे हे काय नाव आहे, मासेवालीसारखं, चांगलंसं घे. मी म्हणायचे, मासेवालीचीच आहे. शेवटी एका छोट्या कंपनीनं त्याच नावानं रेकॉर्ड काढली आणि ती चालली. त्यापुढचं सगळं मासिकांत छापून आलंय. मिहोकोनं दोन वर्षांत गाणं सोडून लग्न केलं. नव्या वर्षाला तिचं कार्ड येतं, आणि प्रत्येक वेळी त्यात केकचं चित्र असतं.

घरी मी पत्र लिहायचे. पैसे पाठवायचे. गेले नाही. तेरा वर्षांनी गावानं नवं सभागृह बांधलं आणि पहिला कार्यक्रम माझा ठेवला. पडदा वर गेला. मी ताठ उभी राहिले. पहिल्या रांगेत वाकायाबाई, बहिणी, म्हाताऱ्या झालेल्या सगळ्या बायका, केस नीट विंचरलेले. आणि तिसऱ्या रांगेत आई, डोक्यावर निळा पंचा. इसोमी चिदोरी. माझ्या स्वतःच्या कार्यक्रमात.

पहिलं गाणं मी कसं म्हटलं ते मला आठवत नाही. मध्यंतरात मी तिला आत बोलावलं आणि तेरा वर्षांचा सगळा राग काढला.

"अजून तेच? माझ्या डोळ्यांसमोर? तुला काही वाटतं का, आई?"

आईनं पंचा काढून बघितला, जणू कुठला बांधलाय ते तिच्या लक्षातच नव्हतं.

"अगं, परत आले ना ते," ती म्हणाली.

"काय परत आले?"

"पंचे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं. रोज सकाळी दारात ठेवलेले असायचे. धुतलेले, इस्त्री केलेले. कुणी हाक मारली नाय, कुणी काय बोललं नाय. एकशे शहाण्णव आले. दोन घरं गाव सोडून गेली होती, त्यांचे ऱ्हायले." तिनं तो पुन्हा डोक्याला बांधायला घेतला. करंगळी वाकत नव्हती, म्हणून गाठीला वेळ लागला. "एवढं कापड. संपवाय नको? मी एकटी वापरते, भांड्याला, माकुलीला, डोक्याला. रोज डोळ्यासमोर येतं तुझं ते नाव. सोसवतं का मला? पण संपले की तुझ्या नावाचे रंगवणार हाय. तोमे म्हणून. रंगाऱ्याला सांगून ठेवलंय."

मी तिची बोटं हातात घेतली आणि गाठ बांधून दिली.

आठ वर्षांनी ती गेली. कपाटात एकशे बारा उरले होते, घड्या घातलेले. ते मी टोकियोला घेऊन आले. कार्यक्रम संपला, पडदा पडला, की चेहऱ्यावरची रंगरंगोटी मी त्यातल्याच एकानं पुसते. अजून त्रेचाळीस आहेत. ते संपल्याशिवाय माझ्या नावाचे रंगवता येत नाहीत.